गाडीचं कुठलं काम घरी करायचं, कुठलं मेस्त्रीला द्यायचं आणि पैसे कधी काढायचे

आपल्याकडं एक उलटं गणित चालतंय. मेस्त्रीनं मजुरी आठशे सांगितली की ती पाचशेवर आणायला आपण अर्धा तास हुज्जत घालतो, आणि त्याच बिलात पार्टचे साडेतीन हजार लावलेले असतात ते मात्र गपचिप देऊन येतो, कारण पार्टचा भाव आपल्याला माहीतच नसतोय. मग मेस्त्री तरी काय करणार, मजुरीत जे सुटलं ते पार्टमधनं काढणार, आणि एकदा ती सवय लागली की जो पार्ट बदलायची गरज नाही तो पण बदलला जातोय. त्याला नुसतं लबाड म्हणून उपयोग नाही, ही सवय आपणच लावलीय. म्हणून माझं म्हणणं असं की मेस्त्रीच्या डोक्याचे आणि हाताचे पैसे बिनबोभाट द्या, पार्टचे पैसे भाव बघून द्या, आणि बॉनेट उघडून दहा मिनिटात होणारी कामं असतील तर गॅरेजला जाऊच नका. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी साइडला जे लोक गाडी चालवतात त्यांच्या हिशोबानं लिहितोय, कारण इथला पाऊस, घाट आणि उसाच्या सीझनमधली धूळ हे सगळं धरूनच गाडीचा खर्च निघतोय.

घरी काय करायचं

एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपरचं रबर, बल्ब, फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल, कूलंटची पातळी, काचेला मारायचं पाणी, टायरची हवा, स्टेपनी बदलणं. याला मेस्त्री लागत नाही. एअर फिल्टरला बहुतेक गाड्यात चार क्लिपा असतात, त्या काढल्या की झालं, लहान गाडीचा फिल्टर तीन-चारशेच्या आसपास मिळतोय. पुस्तकात लिहिलेले किलोमीटर बघा पण तेवढ्यावरच राहू नका, कारखाने सुरू झाले की नोव्हेंबरपासनं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं-मागं रोज चिकोडी नाहीतर संकेश्वर करणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर भरतोय. काढून उजेडासमोर धरा, पलीकडचं काही दिसत नसेल तर बदला.

फ्यूजचं एकच सांगतो, १० अँपिअरचा उडाला तर १० चाच घाला. २० चा घालून किंवा तार गुंडाळून काम भागवणारे महाभाग आहेत, त्यानं फ्यूज वाचतोय आणि वायरिंग जळतंय.

बॅटरीवर जरा जास्त लिहितो कारण लोक सगळ्यात जास्त पैसे इथंच फुकट घालवतात. सकाळी गाडी कटकट करून बंद, की लगेच नवीन बॅटरी. थांबा जरा. आधी टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलंय काय बघा, असेल तर टर्मिनल काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं साफ करायचं, कोरडं करून वरनं थोडं व्हॅसलिन लावायचं. काढताना मायनस आधी काढायचा आणि बसवताना मायनस शेवटी, हे विसरू नका, नाहीतर प्लसवर पाना असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं की ठिणगी उडतीय. मग तीनचारशेचा मल्टिमीटर लावायचा. गाडी रात्रभर बंद असेल तर चांगली चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतीय, आणि इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे. चालू केल्यावर पण आकडा वर येतच नसेल तर दुखणं बॅटरीचं नाही, अल्टरनेटरचं (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतोय तो भाग) नाहीतर त्याच्या बेल्टचं आहे. ते वायरिंगवाल्याला दाखवा आणि त्याचे पैसे द्या, नवीन बॅटरी घातली तर ती पण चार दिवसात झोपणार. नवीन गाड्यात स्टार्ट-स्टॉप, सेन्सर, काय काय असतंय, त्यांना मात्र १४.४ च्या खाली-वर होत राहतंय, तेवढ्यावरनं घाबरू नका.

इंजिन ऑइल घरी बदलता येतंय पण मी म्हणेन की देऊन टाका. जॅकवर गाडी उचलून खाली शिरणं हे धोक्याचं आहे, निघालेलं काळं ऑइल गटारीत ओतून चालत नाही, आणि मजुरी पण काय फार नसतीय. फक्त ऑइलचा डबा तुमच्या समोर फोडायला सांगा. डबा विकत आणायच्या आधी गाडीच्या पुस्तकात ग्रेड बघा, कोण "जाड घाला, इंजिन टिकतंय" म्हणाला म्हणून ०डब्ल्यू-२० च्या जागी २०डब्ल्यू-५० घालू नका.

कशाला हात लावायचा नाही

इथं एक साधा प्रश्न विचारायचा, हे काम माझ्याकडनं चुकलं तर काय होईल? वायपर चुकला तर काच दिसणार नाही, बाजूला थांबता येतंय. ब्रेक चुकला तर थांबताच येत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, बॉल जॉइंट (चाकाजवळचा फिरता सांधा), पेट्रोल-डिझेलची लाइन, एअरबॅगची कुठलीही वायर, एसीचा गॅस, टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व वेळेवर उघड-बंद करणारा पट्टा), हे सगळं पैसे देऊनच करून घ्यायचं, कितीपण व्हिडिओ बघितलेले असू देत.

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला उतरून गोव्याला जाणारे किती लोक आहेत बघा, तसंच आंबोलीला, तिलारीला. उताराला सारखा ब्रेक दाबला की ब्रेक तापतात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जातीय. ब्रेक ऑइलचा स्वभाव असा की ते हवेतला ओलावा ओढून घेतंय, आणि आपल्याकडं, त्यातनं खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, ओलाव्याला काय कमी. डॉट ४ या ग्रेडचं कोरडं ब्रेक ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ धरलेली आहे. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४०. उकळलं की आत वाफ होतीय, वाफ दाबली जातीय, पेडल सरळ खाली. म्हणून साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्या, मेस्त्री "अजून चांगलंय साहेब" म्हणाला तरी. ऑइल तसं स्वस्त, मजुरीचा खर्च जास्त, पण हे पैसे द्यायचेच. आणि घाट उतरताना दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे शेवटी तेच पैसे ब्रेक पॅडला घालवतात.

टायमिंग बेल्ट सगळ्या गाड्यांना नसतोय, बऱ्याच नवीन गाड्यात चेन असतीय. पण जुनी मारुती ८००, ओम्नी अजून गावागावात फिरतात, त्यांना बेल्ट आहे. सेकंडहँड घेतलेल्या गाडीला बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचं बिल मालकाकडं नसेल तर बदलला नाही असंच धरून चाला.

कधी थांबून लगेच बोलवायचं

ऑइलचा लाल दिवा लागला की त्याच जागी इंजिन बंद, "पुढच्या गॅरेजपर्यंत नेतो" म्हणायचं नाही. टेंपरेचरचा काटा वर गेला की तसंच, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतंय, अर्धा-पाऊण तास तरी थांबा. चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर हळू चालवत न्या, दिवा लुकलुकत असेल आणि गाडी धक्के देत असेल तर चालवू नका, आत मिसफायर होतंय, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, आणि त्यात सायलेन्सरच्या लाइनीतला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतोय, तो पार्ट महाग आहे.

पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडून बंद पडली तर चावी फिरवायचीच नाही. एअर इनटेकमधनं पाणी आत गेलेलं असलं आणि सेल्फ मारला तर पिस्टन पाणी दाबायला जातोय, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतोय. टो करून न्यायला जे काय हजार-दोन हजार लागतील ते द्या. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचा वेगळा कव्हर नसेल तर असलं नुकसान बहुतेक वेळा नाकारतात, पॉलिसी काढून बघा आत्ताच, मे महिन्यात बघून उपयोग आहे, ऑगस्टमध्ये नाही.

घाटात, चंदगड साइडला किंवा गोव्यात बंद पडली तर आधी पॉलिसीतला रोडसाइड असिस्टन्सचा नंबर लावा, तुमची केए २२ पासिंग असली तरी हद्द ओलांडली म्हणून ते बंद होत नाही. तिथला अनोळखी मेस्त्री बोलवलाच तर गाडी घरापर्यंत येईल एवढंच काम करून घ्या, पाइपला पट्टी, बेल्ट, कूलंट. क्लचप्लेट, हेडचं काम रस्त्यावर नको.

शोधायचे पैसे

आपण डॉक्टरला तपासायचे पैसे देतो आणि मेस्त्रीनं तासभर गाडीखाली झोपून "हे खराब आहे" म्हणून सांगितलं तर "नुसतं बघायचे कसले पैसे" म्हणतो. हे बदला. गाडी दाखवतानाच म्हणा, "मेस्त्री, आधी नेमकं काय झालंय ते हुडका, त्याचे तीनशे-पाचशे काय असतील ते देतो, काम तुमच्याकडं करो न करो." एवढं बोललं की समोरचा माणूस वेगळा वागतोय, कारण आता पार्ट विकल्याशिवाय त्याचा दिवस वाया जाणार नसतोय.

जांबोटी रोडचे खड्डे खाऊन पुढनं खडखड आवाज यायला लागतोय, हे आपल्याकडचं नेहमीचं. घाईचा मेस्त्री सरळ शॉकअब्झॉर्बरची जोडी सांगतोय, चार-सहा हजार तरी. पण लहान दगडावरनं, हळू जाताना टकटक येत असेल तर आधी स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा) लिंक रॉड बघायला लावा, मग त्याचा बुश (रबराचा तुकडा), मग लोअर आर्मचा बुश आणि बॉल जॉइंट. लिंक रॉडची जोडी शॉकअपच्या मानानं लई स्वस्त. शॉकअप गेलाय काय हे बघायला त्यावर तेल ओघळलंय काय बघा, आणि गाडीचा कोपरा दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबायला पाहिजे, झोके घेत बसली तर गेलाय. आर्म किंवा बॉल जॉइंट बदलला की व्हील अलायनमेंट धरूनच चाला, ते बिलात वेगळं येणार, त्यात फसवणूक नाही.

साधारण २०१३ नंतरच्या गाडीला स्टिअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाड वाचायचा, सॉकेट असतोय. हजाराच्या आतबाहेर ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मिळतोय, मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसतोय. घ्या जरूर, पण कोड म्हणजे पार्टचं नाव नाही. पी०१७१ आला म्हणजे इंजिनला पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जातीय एवढंच कळतंय, मग ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधी एखादा फुटलेला व्हॅक्युम पाइप आहे काय ते कोणीतरी हुडकलं पाहिजे. तो हुडकणारा म्हणजेच चांगला मेस्त्री. आणि पावसाळ्यात अचानक वेगवेगळे दिवे लागले तर आधी उंदीर. वायर कुरतडलेली असतीय. निपाणीकडं बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवणारे लोक आहेत, उपयोग होतोय म्हणतात, वास मात्र एसीतनं आत येतोय.

पैसे देण्याचा क्रम

गाडी सोडताना किलोमीटरचा, पेट्रोलच्या काट्याचा आणि चारी बाजूचा फोटो काढायचा. काय काम, कुठला पार्ट, ओरिजिनल की दुसऱ्या कंपनीचा, मजुरी किती, हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवायचं, "मेस्त्री आपलं असं ठरलंय" म्हणून. त्याला "ओके" आला की झालं, कागद नको. त्याच मेसेजमध्ये दोन वाक्यं पाहिजेतच, यापेक्षा जास्त काम निघालं तर आधी फोन करा, आणि जुने पार्ट डिकीत टाकून द्या. जुने पार्ट मागणारा गिऱ्हाईक आहे हे कळलं की निम्मी गडबड तिथंच मिटतीय. अल्टरनेटर, स्टार्टरसारखा पार्ट एक्स्चेंजमध्ये जात असेल तर तेवढा सोडून.

अ‍ॅडव्हान्स द्यायचा तो पार्टपुरता. शक्य असेल तर स्पेअरच्या दुकानात स्वतः जाऊन पैसे भरा आणि जीएसटी बिल तुमच्या नावावर घ्या, मेस्त्रीनं फक्त पार्टचं नाव आणि मॉडेल लिहून द्यायचं. पाकिटावर एमआरपी छापलेली असतीय. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासनं गाडीच्या ज्या पार्टवर २८ टक्के जीएसटी होता तो १८ झालाय, जुन्या स्टॉकच्या पाकिटावर जुनी किंमत दिसली तर नवीन किती ते विचारा. काही मेस्त्री गिऱ्हाइकानं आणलेला पार्ट बसवत नाहीत किंवा त्याची गॅरंटी घेत नाहीत, ते चुकीचं नाही, पार्ट खराब निघाला तर खोल-फिटिंगची दुसरी मजुरी कोण देणार हा त्याचा प्रश्न बरोबरच आहे. अशा वेळी त्यालाच आणू दे आणि त्याचा दोन पैसे फायदा राहू दे, फक्त बिल आणि रिकामं पाकीट घ्या.

मजुरी ट्रायल झाल्यावर. ट्रायल म्हणजे गॅरेजच्या गल्लीत एक चक्कर न्हवे. आवाज खड्ड्यात येत होता तर खड्ड्यात, चढाला ओढत नव्हती तर वंटमुरी घाटापर्यंत, तापत होती तर एसी लावून गर्दीत अर्धा तास, आणि मेस्त्रीला शेजारी बसवून. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा-पेंटिंग असलं मोठं काम असेल तर टप्पे पाडा, पार्ट आले की थोडे, गाडी चालू झाली की थोडे, आणि थोडी रक्कम आठवडाभरानं, पण हे आधी ठरलेलं पाहिजे. काम झाल्यावर "उरलेले पुढच्या आठवड्यात" म्हटलं तर तो चिडणारच.

आणि त्याला गाडी अडवायचा हक्क पण आहे, हे लई जणांना माहीत नसतंय. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणं, ज्यानं वस्तूवर हातकाम केलंय तो त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेऊ शकतोय. पण फक्त त्या कामाचे. मागच्या वर्षीच्या उधारीसाठी किंवा तुमच्या भावाच्या गाडीच्या बाकीसाठी ही गाडी अडवता येत नाही. आणि त्यानंच आधी "पैसे महिन्यानं द्या" म्हणून कबूल केलं असेल तर मग अडवायचा हक्क राहत नाही. म्हणून उधारी ठरली असेल तर ती पण त्या मेसेजमध्ये लिहा.

भांडण झालंच तर गाडी तिथं सडवण्यात अर्थ नाही. पैसे यूपीआयनं द्या, "हे मान्य नसताना देतोय" असा मेसेज टाका, बिल घ्या, ते कन्नडात असो की इंग्रजीत, गाडी घेऊन या आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. पण बिल नसेल आणि रोख दिले असतील तर तुम्ही पैसे दिले हे दाखवणारच कसं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आणि खंडेनवमीच्या तोंडावर मोठं काम देऊ नका. सगळ्यांनाच गाडी तयार पाहिजे असतीय, कामं पोराटोरांच्या हातात जातात आणि ट्रायलला कुणाला वेळ नसतोय. ब्रेक, वायपर, टायर हे मे महिन्यातच बघून घ्या. टायरच्या खाचेत छोटी उंचवट्याची खूण असतीय, रबर झिजून त्या खुणेला भिडलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आली, तो टायर पावसाळ्यात नको.

शोरूम, इन्शुरन्स आणि जुनी गाडी

वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या, महाग पडलं तरी. तिथं सुद्धा इंजिन फ्लशिंग, अँटी-रस्ट, एसी डिसइन्फेक्ट असली नावं जॉबकार्डवर आधीच टिक केलेली असतात, सही करायच्या आधी ती खोडायला लावा. वॉरंटी संपली की ओळखीचा, तुमच्या मॉडेलवर हात बसलेला मेस्त्री बरा.

बंपर घासला की क्लेम करायची घाई नको. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागं १००० रुपये तुमच्या खिशातनं जातातच, त्यावरच्या गाडीला २०००. साध्या पॉलिसीत प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनं झालं म्हणून निम्मी किंमत कापतात. म्हणजे समजा बंपर ४००० चा, तर २००० मान्य, त्यातनं १००० वजा, पार्टपोटी हजारच मिळाले, वर रंगाच्या मजुरीचं थोडं. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर. तो पहिल्या वर्षी २० टक्क्यापासनं वाढत पाच वर्षांनी ५० टक्के होतोय, तो घालवून हजार-दोन हजार घ्यायचे काय ते बघा. असल्या कामाला टिळकवाडी, शहापूर, कुठंही चांगला पेंटरवाला हुडकून स्वतःच्या खिशातनं करा. मोठा मार असेल तर मात्र गाडी खोलायच्या आधी कंपनीला कळवा, सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत मेस्त्रीला पान्याला हात लावू देऊ नका.

राहिली जुनी गाडी. बिल गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर आधी दोन ठिकाणी गाडीची किंमत विचारून या, मगच हो म्हणा. १५ वर्षं होत आली असतील तर रजिस्ट्रेशन नवीन करून घ्यावं लागतंय, ते पाच वर्षांचं मिळतंय, त्यासाठी आरटीओत गाडी दाखवायची असतीय. तेव्हा पैसे ब्रेक, लाइट, टायर, धूर यावर घाला. सीट कव्हर आणि पॉलिश नंतर.